नावं गेलेल्या चौसष्ट वाटा

सिबू शहराच्या बोटधक्क्यासमोर जाळी आणि दोरखंड विकणारं एक दुकान आहे. त्याच्या बाजूचा अरुंद जिना चढून गेलं की तिंग सिओक हुआची खोली लागते. पाटीवर नुसतं 'कॉम्प्युटर' लिहिलेलं. विक्री की दुरुस्ती, याचा पत्ता नाही. पण ज्यांना गरज असते ते बरोबर वर येतात. सिओक हुआनं वीस वर्षं एका बँकेची यंत्रं सांभाळली. बँकेनं ते काम बाहेर दिल्यावर तिनं ही खोली घेतली. आता चोपन्न वर्षांची होती. बोलायची कमी आणि लोकांच्या फाइलींत काय आहे ते कधी विचारायची नाही. तिला त्याचं कुतूहलच नव्हतं.

मंगळवारी पहिल्या एक्स्प्रेस बोटीनं न्यांबोंग नावाचा, इबान जमातीतला एक माणूस आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. तांदळाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेला लॅपटॉप त्यानं दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"तौके, हा बिघडला नाहीये," तो म्हणाला. दुकानाच्या मालकाला सगळेच तौके म्हणतात, मग तो बाई असो की बुवा. "ह्याला बिघडवलंय."

"शेवटचा नीट कधी चालला?"

"रविवारी. मग झाकण मिटून ठेवला. गुरुवारी उघडला तर बॅटरी संपलेली. वायर लावून चालू केला, तर काळा पडदा आणि वर एक पांढरी ओळ."

"त्यानंतर आत काही नवीन टाकलं?"

"नाही. पण मधे बुधवारी माझा मेहुणा आला होता. मांग्गाई. कंपनीचा बुलडोझर चालवतो. तासभर एकटाच ओसरीवर बसला होता, आणि हा तिथंच होता."

"कोण आलं ते नाही विचारलं मी," सिओक हुआ म्हणाली. "दोन सिस्टीम आहेत का ह्यात?"

होत्या. एकीकडे विंडोज; त्यात न्यांबोंग त्यांच्या सामाईक घराच्या समितीची पत्रं, अर्ज, सभेच्या नोंदी लिहायचा. दुसरीकडे लिनक्स, नकाशांसाठी. कुचिंगहून आलेल्या एका स्वयंसेवक इंजिनियरनं ते चार वर्षांपूर्वी घालून दिलं होतं आणि जीपीएसचं यंत्र कसं वापरायचं तेही शिकवलं होतं. तेव्हापासून तेमुरा नदीकाठच्या त्यांच्या बावीस दारांच्या, एकाच छपराखाली बावीस कुटुंबांच्या लांबलचक घरातली माणसं रान पायाखाली घालत होती. जुन्या वस्तीच्या जागा, दफनभूमी, पूर्वजांनी लावलेली फळझाडं, सोडून दिलेली शेतं, सगळीकडे यंत्र हातात घेऊन चालायचं. चाललेली प्रत्येक वाट म्हणजे एक फाइल. अशा शहात्तर वाटा झाल्या होत्या. कंपनीला पामतेलाच्या लागवडीसाठी तेच रान हवं होतं आणि अकरा दिवसांनी सुनावणी होती.

"प्रत?"

"पहिल्या बारा वाटांची आहे, पेनड्राइव्हवर. पुढं राहून गेलं."

"वही वगैरे?"

"होती. दोन वर्षांपूर्वी खळाळावर बोट उलटली तेव्हा तिचा लगदा झाला. म्हटलं, जाऊ दे, कॉम्प्युटरात आहे."

असं म्हणणारी माणसं सिओक हुआकडं आठवड्याला तीन यायची. तिनं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला, पेनड्राइव्ह ठेवून घेतला, शुक्रवारी कळवते म्हणाली, आणि तो जिना उतरल्यावर डिस्क बाहेर काढली.

मूळ डिस्कला ती कधी हात लावत नसे. आधी हुबेहूब प्रत, आणि मग जे काही बरंवाईट करायचं ते प्रतीवर. प्रत निघायला पाच तास लागले. तेवढ्यात तिनं दोन प्रिंटर साफ केले, तीळ लावलेले दोन कोंपिया पाव खाल्ले आणि बहिणीला फोन केला.

दुपारनंतर तिनं प्रत उघडून पाहिली आणि काय झालं ते दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं. लिनक्सचा भाग विंडोजला वाचता येत नाही. कधी कधी असा भाग समोर आला की ते विचारतं: ही जागा वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? न वाचता कुणी 'हो' दाबलं की संपलं, आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत ते कळतही नाही. इथं कुणीतरी दाबलं होतं. डिस्कच्या प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक पान असतं. कुठल्या खणात काय ठेवलंय, त्याच्या याद्या कुठं आहेत, ते त्यावर लिहिलेलं असतं. ते पान गेलं होतं आणि त्या जागी नवं कोरं पान चिकटवलेलं होतं. त्या कोऱ्या पानामागच्या नोंदींत, भाग कधी तयार केला त्याची तारीख आणि वेळही होती. सिओक हुआनं ती पाहिली, कागदाच्या कोपऱ्यावर टिपली आणि पुढच्या कामाला लागली.

खणातला माल मात्र बहुतेक जागेवर होता. शिवाय लिनक्स त्या पहिल्या पानाच्या नकला डिस्कवर लांब लांब अंतरावर ठेवून देतं. पहिली नक्कल खराब निघाली. दुसरी लागू पडली. मग तिनं तपासणी सुरू केली आणि यंत्र एकेक प्रश्न विचारू लागलं: ही यादी त्या यादीशी जुळत नाही, दुरुस्त करू? ह्या फाइलीचा फोल्डर सापडत नाही, तिला हरवलं-सापडलंमध्ये टाकू? सगळ्यांना एकदम 'हो' म्हणायची सोय असते. सिओक हुआ पहिले शंभरेक प्रश्न तरी स्वतः वाचायची. बँकेतली सवय.

गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद करण्याच्या सुमारास तिच्यासमोर एकच फोल्डर होता आणि त्यात तीनशेवर फाइली. फोटो होते, नकाशे होते, सगळ्या वाटा होत्या. फक्त एकाही फाइलीला नाव नव्हतं. फाइलीचं नाव फाइलीत नसतं, ते फोल्डरच्या यादीत असतं आणि त्या याद्याच गेल्या होत्या. उरले होते सहा-सात आकडी नंबर.

तिनं शुक्रवारी न्यांबोंगला फोन केला. "फाइली आहेत. नावं गेली."

"म्हणजे?"

"वाट दिसेल. कुठली ते दिसणार नाही. पेनड्राइव्हवरच्या बारा मी ताडून पाहिल्या, जुळल्या. चौसष्ट उरतात."

फोनवर मागं कोंबड्या ओरडत होत्या. "नाव नसेल तर काय उपयोग, तौके? नुसत्या रेघा दाखवल्या तर ते म्हणतील, डुकरांच्या मागं फिरत होतात."

"मग ह्या वाटा जो चालला त्याला घेऊन या."

शनिवारी तो दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. उसित हा घराचा मुखिया, ब्याऐंशी वर्षांचा; सगळे त्याला आकी म्हणत, म्हणजे आजोबा. त्याची बायको सेनाया, ती इनी, आजी. आकी जिना चढून दमला होता, पण खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं सगळी खोली न्याहाळून घेतली.

"आमोय," तो सिओक हुआला म्हणाला. चिनी पोरीला अशीच हाक मारतात, आणि तिला अशी हाक मारणारं कुणी आता उरलं नव्हतं. "एवढे सगळे मेलेले कॉम्प्युटर जवळ ठेवून तुला झोप कशी येते?"

"मी इथं झोपत नाही, आकी."

"बरं करतेस."

तिनं पहिली वाट पडद्यावर लावली. हिरव्या पटावर एक वाकडीतिकडी लाल रेघ. आकीनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली, शेवटी मागं टेकला.

"हे वरून आहे. मी काय घार आहे? मी खालून चाललोय."

न्यांबोंगनं टेकडी कुठं, नदी कुठं ते बोटानं दाखवायचा प्रयत्न केला. आकी हो हो म्हणत राहिला, पण त्याला काही उमगत नाही हे दिसत होतं. तीन वाटा अशाच गेल्या. मग सिओक हुआला आठवलं की प्रत्येक ठिपक्याबरोबर वेळही नोंदलेली असते. तिनं थोडी खटपट करून तो ठिपका चालता केला. मुळात जसा चालला असेल तसाच, फक्त साठपट वेगानं. ठिपका नदीपासून निघाला, चढला, अडखळला, एका जागी थबकला, परत निघाला.

आकी पुढं झुकला. "थांब. इथं थांबला ना तो?"

"अकरा मिनिटं."

"मग हा चढ आहे लांगिर टेकडीचा. इथं मोठा दगड आहे. बाकितला तिथं बसून विडी ओढल्याशिवाय पुढं जाताच यायचं नाही." बाकित त्याचा धाकटा भाऊ, गेल्या वर्षी गेला. "आता हा उजवीकडं वळेल. वळला बघ. तिथं सात दुरियानची झाडं. माझ्या आजानं लावलेली."

"सहा," इनी म्हणाली.

"सात."

"एक पडलं. ज्या वर्षी धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी."

"पडलं म्हणजे नव्हतं असं होतं का?"

सिओक हुआ हात कीबोर्डवर ठेवून वाट पाहत होती. "नाव काय लिहू?"

"दुरियान लांगिर," दोघं एकदम म्हणाले.

तिथून गाडं मार्गी लागलं. आकी चालीवरून ओळखायचा: कुठं चिखल, कुठं ओंडक्यावरून ओढा ओलांडायचा, कुठं जळवा म्हणून सगळे पळत सुटतात. ज्या वाटा चालीवरून सुटायच्या नाहीत त्या इनी तारखेवरून सोडवायची. सिओक हुआ तारीख वाचून दाखवायची, आणि इनी डोळे मिटून म्हणायची, "पिकाचा सण होऊन चौथा दिवस. त्या दिवशी हे लोक मोकळ्या हातानं आले आणि मी खारवलेली मासळी वाढली. जुन्या वस्तीवर गेले होते." एकदा तिनं एक तारीख ऐकून सांगितलं की त्या दिवशी कुणीच कुठं गेलं नव्हतं, पावसानं नदी अंगणात आली होती. ठिपका सुरू केला तर तो घरातल्या घरात वीस पावलं फिरून थांबला. कुणीतरी यंत्र कसं चालतं ते पाहत होतं. आकी बराच वेळ हसत राहिला.

शनिवार गेला. रात्री ती माणसं धक्क्याजवळ नातेवाइकांकडे राहिली. रविवारी सिओक हुआनं एरवी बंद असलेलं दुकान उघडलं. का उघडलं याचा तिनं विचार केला नाही. काम अर्धवट होतं, एवढंच. दुपारपर्यंत साठ वाटांचा उलगडा झाला. उरल्या चार. त्या एकाच आठवड्यातल्या होत्या, दोन वर्षांपूर्वीच्या.

"तेव्हा माझा पाय मोडला होता," आकी म्हणाला. "बाकित गेला होता. मला नाही ठाऊक."

न्यांबोंगनं पडद्याकडं पाहिलं. चारपैकी एक वाट पार ओढ्यापलीकडं जाऊन मोठा फेरा मारून आली होती. "आपणच नावं देऊ या ना. बाकितकाका सांगायला येणार नाही. आणि खोटं कुठं आहे? चालला तर तो होताच."

"चालला होता," आकी म्हणाला. "पण कशाला, ते तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग नंबरच राहू दे. तिथं मला उभं करून विचारतील. मी शपथ घेऊन नंबर सांगीन, पण माझ्या तोंडून दुसऱ्याच्या थडग्याला बनावट नाव जायचं नाही."

इनी खालच्या दुकानातून आणलेली कॉफी पीत होती. तिनं पेला खाली ठेवला.

"बाकित एकटा नव्हता गेला. मांग्गाई होता बरोबर. तेव्हा कंपनीत लागला नव्हता."

न्यांबोंग खिडकीकडं पाहू लागला.

"त्याला विचारा," इनी म्हणाली. "पण त्याला तर न्यांबोंगनं भर ओसरीवर, बावीस दारांसमोर, चोर ठरवलंय. कंपनीचा कुत्रा म्हणालास ना रे?"

"मग दुसऱ्या कुणी केलं?" न्यांबोंग तिच्याकडं न पाहता म्हणाला. मग सिओक हुआकडं वळला. "तौके, कुणी केलं ते कळतं का ह्यात?"

"कुणी ते नाही कळत. कधी ते कळतं."

"कधी?"

तिनं कोपऱ्यावर टिपलेला कागद काढला. "मागच्या महिन्यातली अठ्ठावीस तारीख. रविवार. सकाळी दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं."

"बुधवार नाही?"

"नाही."

आकीनं बोटांवर काहीतरी मोजलं. "त्या रविवारी मांग्गाई माझ्याबरोबर होता. सोमवारी सकाळी माझ्या डोळ्याची तपासणी होती, म्हणून आदल्या दिवशीच्या बोटीनं त्यानंच मला इथं आणलं. दहा वाजता आम्ही नदीत होतो."

"बाकीचे सगळे प्रार्थनेला होते," इनी म्हणाली.

न्यांबोंग प्रार्थनेला गेला नव्हता. तो घरी बसून सुनावणीचं पत्र लिहीत होता. छापायला घाई होती, प्रिंटर अडत होता, पडद्यावर एकामागून एक चौकोन उघडत होते आणि तो ते न वाचताच 'हो' दाबून बंद करत होता. हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही. नंतर, खूप दिवसांनी, सिओक हुआला सांगितलं. त्या वेळी त्यानं फक्त विचारलं, "घड्याळ चुकीचं असू शकतं?"

"शकतं. पण तुमच्या पत्राच्या फाइलीवर दहा छत्तीस आहे. त्याच घड्याळाची."

तो उठला आणि जिना उतरून गेला. खिडकीतून तो धक्क्यावर उभा दिसत होता, बोटींकडं तोंड करून. इनी उरलेली कॉफी प्यायली. आकी म्हणाला, "आमोय, तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

आकीनं ह्यावर विचार केला आणि मान हलवली. तिला शाबासकी दिली की दोष दिला, ते तिला कळलं नाही.

न्यांबोंग अर्ध्या तासानं वर आला. त्यानं तिथूनच मांग्गाईला फोन लावला होता. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला. काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बुधवारी मांग्गाईला सुट्टी आहे, एवढंच म्हणाला.

बुधवारी मांग्गाई आला तेव्हा पायात कंपनीचे बूट होते, त्यांवर वाळलेला पिवळा चिखल. बारीक अंगाचा, बोलताना समोरच्याच्या कानाकडं पाहणारा माणूस. न्यांबोंग आधीच येऊन बसला होता. तो उभा राहिला.

"मांग्गाई, माझं चुकलं. मी..."

"इथं नको," मांग्गाई म्हणाला. "बोललास ओसरीवर. तिथंच बोल. ह्या बाईला कशाला ऐकवतोस?" आणि सिओक हुआकडं वळून, "दाखवा काय ते."

तिनं पहिली वाट चालती केली. त्यानं उभ्यानंच पाहिली. "पेंदाम सेलांजा. जुनी दफनभूमी. बाकितकाकांनी कोयत्यानं वेली तोडल्या, मी यंत्र धरलं होतं." दुसरी: "वरच्या धबधब्याजवळचं सोडलेलं शेत. माझ्या आईच्या आईचं." तिसरीला थोडा वेळ लागला, मग म्हणाला, "तापांगचं झाड. मधमाश्यांचं." तिन्हींची नावं तिनं लिहिली.

चौथी, ओढ्यापलीकडची. ठिपका ओढा ओलांडून धावत सुटला, एकदम थांबला, गोल फिरला, पुन्हा धावला.

मांग्गाईच्या तोंडाचा कोपरा हलला. "हे डुक्कर आहे. जखमी झालं होतं, त्याच्या मागं गेलो. पलीकडची जमीन आपली नाही, ती खालच्या घरवाल्यांची. ही काढून टाका."

"ठेवली तर हद्द चांगली अर्धा मैल पुढं जाते," न्यांबोंग हळूच म्हणाला.

"जाते. आणि खालच्या घरातला एक जरी म्हातारा सुनावणीला बसलेला असला, तर बाकीच्या पंचाहत्तरही डुकराच्या ठरतील. मी रोज त्या कंपनीच्या माणसांत जेवतो, न्यांबोंग. त्यांचा वकील झोपत नाही."

न्यांबोंगनं सिओक हुआकडं पाहून मान हलवली. तिनं ती फाइल वेगळी काढली.

मांग्गाई निघताना दाराशी थांबला. "ह्यात माझं नाव कुठं येतं का?"

"नाही. फाइलीत जागा आणि वेळ असते. माणूस नसतो."

"बरंय," तो म्हणाला आणि गेला. बुटांचा चिखल पायऱ्यांवर राहिला.

सिओक हुआनं नवीन डिस्क घातली, दोन्ही सिस्टीम पुन्हा बसवल्या आणि नकाशांचा भाग विंडोजच्या नजरेआड केला, म्हणजे तो प्रश्न परत कधी समोर येणार नाही. सगळ्या वाटांच्या तीन प्रती काढल्या: एक न्यांबोंगला, एक वकिलाला, एक आकीनं स्वतः मागून घेतली. त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता. त्यानं पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकून खिशाला पिन लावली.

सुनावणीत नकाशा दाखल करून घेतला, एवढंच त्या दिवशी झालं. मग पुढची तारीख, आणि त्याच्या पुढची. दोन वर्षांनी निकाल लागला तेव्हा जुन्या वस्त्या, दफनभूमी आणि फळझाडांभोवतीचं रान घराकडं राहिलं. सोडलेल्या शेतांपैकी अर्धी गेली. त्यावर अजून दाद मागणं चालू आहे. न्यांबोंगनं ओसरीवर सगळ्यांसमोर मांग्गाईची माफी मागितली, रिवाजाप्रमाणे कोंबडा आणि एक बरणी ठेवली. मांग्गाईनं दोन्ही घेतलं. पण पुढचं वर्षभर तो जेवताना न्यांबोंगच्या पंक्तीला बसला नाही, आणि मांग्गाईच्या बायकोनं दोघांच्या मधे बसून दोघांशीही बोलणं टाकलं, तेव्हा कुठं बसायला लागला. हे सगळं न्यांबोंग वर्षातून दोनदा डिस्क तपासायला यायचा तेव्हा तुकड्यातुकड्यानं सांगायचा. ती ऐकून घ्यायची.

एकदा त्यानं सरकारी शिक्क्याचा छापील नकाशा तिला दाखवायला आणला. तिनं चष्मा लावून पाहिला. वरच्या अंगाला, दफनभूमीच्या खुणेपाशी, 'पेंदाम सेलांजार' लिहिलेलं होतं.

"इथं शेवटी र कुठून आला?"

"तुम्ही टाइप केलात ना. मांग्गाई घाईत होता, कुणी वाचून पाहिलं नाही. आता सगळ्या कागदांवर तसंच गेलंय. बदलायचं तर नवा अर्ज करावा लागेल."

सिओक हुआनं चष्मा काढला. बँकेतल्या वीस वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. "मी अर्ज लिहून देते."

"आकी नको म्हणतो. म्हणतो, तिथं पुरलेल्यांपैकी कुणाला वाचता येत नव्हतं." न्यांबोंग नकाशाची घडी घालू लागला. "आणि शाळेत जाणारी पोरं आता सेलांजारच म्हणतात."